केशरपाण्याचं बाळसं

सागझरी पाड्यावर गुरुवारी सकाळी मोहाच्या झाडाखाली मुंगी शिरायला जागा नसे. विसरवाडीहून, खांडबाऱ्याहून, पार हद्दीपलीकडच्या गुजरातेतून बाया पोरं कडेवर घेऊन येत. सगळ्यांचे डोळे एका पितळी घागरीवर आणि घागरीमागे बसलेल्या केशरबाबांच्या मिशीवर.

"देखा रे भो! हाई तुमनी विहीरनं पानी शे का नही?" बाबा गरजले. बाबा मूळचे शहाद्याकडचे, त्यामुळे देवाशीही ते अहिराणीतच बोलत.

"आमच्याच विहिरीचं, बाबा!"

"कोनी काढं? मी काढं का?"

"नाही बाबा, आम्हीच काढलं!"

"मंग आते ज्याना जो देव, त्यानं नाव ल्या. येशू म्हना, देवमोगरा माता म्हना, मन्हं काही म्हननं नही. मन्ही घागर जात इचारत नही!"

लोक खूश झाले. बाबांनी घागरीच्या तोंडावर भगवं फडकं आठपदरी घडी करून बांधलं. वरून विहिरीचं पाणी हळूहळू ओतलं. मग फडकं सोडून, घागरीत काठी घालून त्यांनी 'मंथन' केलं. ओठ हलत होते. ते काय पुटपुटत होते हे त्यांच्या मिशीलाच ठाऊक. मग तांब्या बुडवून वर काढला, तर आत केशरी, गोड, घमघमणारं पाणी! बायांनी हात जोडले, बाबांपुढच्या ताटात दक्षिणेच्या नोटा टाकल्या. म्हाताऱ्यांनी कपाळ जमिनीला टेकलं.

कंपनीच्या गाडीला टेकून दानियल हे सगळं पाहत होता. एका परदेशी कंपनीचा माल तो दहा वर्षं नवापूरच्या एजन्सीतून पाड्यापाड्यांवर पोहोचवत होता. बिस्किटं, शेवया, थंड पेयं, काय नाही ते. त्यात सगळ्यांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे 'झेस्टिमो', पाण्यात कालवायची संत्र्याच्या वासाची भुकटी. आठवडी बाजारात पिंपभर झेस्टिमो कालवून तो लोकांना फुकट चाखायला देत असे. आता त्याच्या हातात बाबांच्या प्रसादाचा पेला आला. त्याने एक घोट घेतला आणि तो थबकला. चव ओळखीची होती. पण रोज हेच सरबत विकणाऱ्याला जगातलं प्रत्येक सरबत आपलंच वाटणार, अशी त्याने मनाची समजूत काढली.

"दादा!" गर्दीतून त्याची बहीण सुषमा आली. ती याच पाड्यावर दिलेली. नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला आणि अडीच वर्षांची एस्तेर तिच्या कडेवर. पावसाळ्यात जुलाबांनी पोर पार काडी झाली होती. "बघ, गाल बघ हिचे! बाबांनी नवी पोर करून दिली मला. गोरी झाली, केसही सोनेरी झाले."

खरंच, गाल टम्म होते. कातडी उजळ दिसत होती, केसांना तांबूस झाक होती. दानियलने हात पुढे केले. एरवी ही पोर मामाच्या खिशात हात घालून गोळी शोधायची. आज तिने खिशाकडे पाहिलंसुद्धा नाही. मलूल होऊन आईच्या खांद्यावर मान टाकून राहिली.

"जेवते ना नीट?" त्याने विचारलं.

"एकवीस दिवसांचं व्रत आहे ना. फक्त केशरपाणी आणि भाताची पेज. डाळ, अंडं, मासळी, दूध, शेंगदाणे, सगळं बंद. आज अठरावा दिवस." सुषमाचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

दानियलच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

माल उतरवायला तो भिलाच्या दुकानावर गेला. चाळीस घरांचा पाडा आणि भिला आठवड्याला झेस्टिमोचे पंधरा खोके घेत होता. नवापूरच्या बाजारपेठेतली मोठी दुकानंही एवढा माल उचलत नव्हती. तेवढ्यात साहेबांचा, हेमकांतभाऊंचा, नंदुरबारहून फोन आला.

"दान्या, तुन्हा रूट तं जिल्हामा पहिला शे! सागझरीवर काय जादू करी ऱ्हायना तू?"

"भाऊ, मलाच कळत नाही. एवढा माल जातो कुठे?"

"जाई ऱ्हायना ना? मंग तुले काय करनं शे? आज वीस खोके उतार!"

वीस खोके उतरले. पण दानियलला एक गोष्ट खुपत होती. त्याच्या धंद्यातलं साधं गणित होतं: माल जिथे खपतो तिथे त्याचा कचरा पडतो. कुठल्याही पाड्यावर गटारात, हापशाखाली, शाळेच्या कुंपणाला झेस्टिमोच्या हसऱ्या संत्र्याची रिकामी पुडी चिकटलेली दिसायचीच. इथे तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. बिस्किटांचे कागद दिसले, गुटख्याच्या पुड्या दिसल्या, पण झेस्टिमोची एकही पुडी नव्हती.

"भिलाभाऊ, पुड्यांचे कागद कुठे जातात हो?"

"लोक चुल्हामा टाकतस," भिला म्हणाला आणि नको तेवढा हसला.

दुकानामागे एक खोली होती. भिलाने ती बाबांना राहायला दिली होती. दानियल लघवीचं निमित्त करून मागे गेला. दोरीवर ते भगवं फडकं वाळत होतं आणि काळ्या मुंग्यांची रांग दोरीवरून त्याच्याकडे निघाली होती. घडीत केशरी गुठळ्या अडकलेल्या. झेस्टिमोवर एकदम पाणी ओतलं की अशाच गुठळ्या होतात, हे दहा वर्षं पिंप ढवळणाऱ्याला कोणी सांगायला नको. भिंतीकडेला राखेचा ढीग होता. त्यात हसऱ्या संत्र्याचे अर्धवट जळालेले तुकडे होते आणि वर अंड्यांच्या टरफलांचा खच. पाड्यातल्या लेकरांना अंडं वर्ज्य आणि महाराजांची मात्र रोजची चंगळ चाललेली.

चिंचपाड्याला घरी पोहोचला तेव्हा बायको भाकरी थापत होती. प्रिस्किला मिशन दवाखान्यात नर्स होती. फडक्याची गंमत ऐकून ती खळखळून हसली.

"हसू नकोस," दानियल म्हणाला. "मला वेगळंच कोडं पडलंय. रंग माझ्या पुडीचा, हे मान्य. पण एस्तेर गुबगुबीत झाली, ती कशी? अठरा दिवसांत साखरपाण्यावर बाळसं येतं?"

प्रिस्किलाचा भाकरीवरचा हात थांबला. "पाय कसे आहेत तिचे?"

"भरलेत. पायातले वाळेसुद्धा रुतायला लागलेत."

"आणि दंड?"

दानियलने आठवून पाहिलं. "दंड... दंड काडीच आहेत."

"हसते? खेळते?"

"नाही."

प्रिस्किलाने तवा उतरवला. "ते बाळसं नाही हो, सूज आहे. उपासमारीची सूज. असं लेकरू बघता बघता हातचं जातं. उद्या उजाडताच निघायचं आणि एस्तेरला घेऊनच परत यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कंपनीच्या गाडीतूनच सागझरीला गेली. सुषमा ऐकायला तयार नव्हती.

"तीनच दिवस राहिलेत, वहिनी. आता व्रत मोडलं तर पोर सुकून जाईल, बाबा म्हणालेत. बरी झालेली पोर मी दवाखान्यात कशाला घालू?"

एस्तेरला कडेवर घेऊन ती तरातरा मोहाच्या झाडाकडे चालायला लागली. मागोमाग ही दोघं. व्रतातल्या लेकरांना रोज सकाळी केशरपाणी मिळे, म्हणून गुरुवार नसूनही तिथे बाबांचा दरबार भरलेलाच होता. दानियलने पुढे होऊन खांद्यावरचा पंचा पुढे केला.

"बाबा, आजचं पाणी माझ्या पंच्यातून गाळा."

"अरे येडा!" बाबा हसले. "मन्हा कपडा हिमालयमातून उना शे. तुन्हा पंचामा घाम शे, मंतर नासी जाई!"

"मग मी गाळतो. मंत्र न म्हणता."

आणि कोणी अडवायच्या आत दानियलने रिकाम्या हंड्यावर पंच्याची घडी धरली, वरून विहिरीचं पाणी ओतलं, काठीने ढवळलं. पाणी केशरी झालं. लोकांनी "अरे!" केलं. त्याने पंचा उलगडून आतल्या गुठळ्या दाखवल्या, खिशातून रिकामी पुडी काढली.

"हा माझा मंत्र. दोन रुपयांना भिलाच्या दुकानात मिळतो. दहा वर्षं विकतोय मी हे, पण पुडीची मागची बाजू काल पहिल्यांदा वाचली. साखर आहे, रंग आहे, वास आहे. अंग भरायला जे लागतं, जे डाळीत नि अंड्यात असतं, त्याच्यापुढे शून्य लिहिलंय. खोटं वाटत असेल तर शाळेच्या गुरुजींकडून वाचून घ्या."

गर्दीत कुजबुज झाली. वाटलं, आता बाबा संपले. पण रायसिंगकाका उठले. पाड्यावर त्यांच्या शब्दाला मान होता आणि त्यांच्या कडेवर त्यांचा नातू होता, तोही टम्म गालांचा.

"दानियल, रंग कसा का होईना. आमची पोरं अंगाने भरली, हे तर खरं? तुझ्या पुडीने भरली म्हण नाहीतर मंत्राने म्हण. आम्हाला पोरांशी मतलब."

"बराबर!" बाबांना जीव आला. "बुढा शहाना शे!"

माना डोलल्या. सुषमानेही डोलावली. लबाडी पकडली की लोक आपोआप शहाणे होतात, असा दानियलचा समज होता, तो तिथेच खोटा ठरला.

प्रिस्किला सुषमाजवळ जाऊन जमिनीवर बसली. "मी काही शिकवत नाही तुला. एवढंच कर. एस्तेरच्या पावलावर तुझा अंगठा ठेव आणि मी पाच म्हणेपर्यंत हळूच दाबून धर."

सुषमाने दाबला. प्रिस्किलाने पाच आकडे मोजले. सुषमाने अंगठा उचलला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा पावलावर खड्डा पडला होता. तो भरून येईना.

"आता तुझ्या पायावर दाब."

तिथे खड्डा पडला नाही.

"वहिनी, हे काय?" सुषमाने एस्तेरचं दुसरं पाऊल दाबून पाहिलं.

"पाणी, सुषमा. कातडीखाली साचलेलं पाणी. डाळ नाही, दूध नाही, अंडं नाही. रक्तातलं पाणी जे जागेवर धरून ठेवतं तेच संपलं की पाणी असं झिरपून साचतं. गाल फुगतात, वजनही वाढतं. कातडी फिकी पडते, ती गोरी वाटते. केस तांबडे होतात, ते सोनेरी वाटतात. पोर आतून उपाशी आहे. आज दवाखान्यात नेलं तर वाचेल."

बाबा डगमगले, पण गडी तयारीचा. "अरे, हाऊ तं देवना अंगठाना ठसा शे! नशीबवान पोरस्लेच मिळस!"

रायसिंगकाकांनी नातवाच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला. मग सरळ बाबांचा पाय धरला आणि तिथेही दाबला. अंड्यांवर पोसलेलं मांस लगेच जागेवर आलं.

"देवाला तुमचे पाय सापडले नाहीत, महाराज?"

झाडाखाली बाया खाली बसून आपापल्या लेकरांची पावलं दाबत होत्या आणि एकेकीच्या अंगठ्याखाली खड्डा राहत होता.

तेवढ्यात मागून कालीबाई पुढे आली. तिच्या कडेवर पोर नव्हतं.

"माझा मुलगा मागच्या महिन्यात गेला," ती प्रिस्किलाला म्हणाली. "असाच सुजला होता. बाबा म्हणाले, तू चोरून अंडं खाऊ घातलंस, म्हणून देव कोपला. सगळ्या पाड्याने मला बोल लावला. मी नव्हतं दिलं हो. त्याने हात पुढे केला तरी मी नव्हतं दिलं. ताई, दिलं असतं तर?"

प्रिस्किलाने तिचा हात धरला.

बाबांनी घागर उचलून काढता पाय घ्यायचा प्रयत्न केला, पण रायसिंगकाकांचा हात त्यांच्या मानेवर पडला तो पोलिसांची गाडी येईपर्यंत निघाला नाही. भिलाही सोबत गेला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली दोघांवर गुन्हा नोंदला गेला. दानियलने मात्र तेवढी वाट पाहिली नाही. त्याने गाडीतले सगळे खोके रस्त्याकडेला फेकले आणि सहा लेकरं, सहा आया आत घेऊन चिंचपाड्याचा रस्ता धरला. हेमकांतभाऊंचे फोन वाजत होते. वाजू दिले.

दवाखान्यात दहाव्या दिवशी एस्तेरची सूज उतरली. वजन कमी भरलं, फासळ्या दिसायला लागल्या. सुषमा घाबरून रडायलाच लागली. "वहिनी, ही तर परत काडी झाली!"

"आत्ता ती खरी दिसतेय," प्रिस्किला म्हणाली. "आता हिला भरायचं." तिने दुधाची वाटी पुढे केली. एस्तेरने वाटी दोन्ही हातांनी ओढून घेतली, संपवली आणि अजून पाहिजे म्हणून असं भोकाड पसरलं की शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली. दारात उभ्या दानियलने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

सहाही लेकरं वाचली. हा चमत्कार नव्हता. वेळेवर दवाखाना गाठला आणि पोटात अन्न पडलं, एवढंच झालं.

म्हणून सांगणं एवढंच, की रंग बदलणाऱ्या पाण्याला हात जोडायच्या आधी फडक्याची घडी उलगडून बघा. पुडी बाबाची असो की कंपनीची, मागची बाजू वाचा. एखादं पोर अचानक गुबगुबीत झालं तर आधी त्याच्या पावलावर अंगठा दाबा आणि खड्डा राहिला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही. रागावतो तो विचारलं की ज्याचा धंदा बुडतो तो. कालीबाईच्या प्रश्नाचं उत्तर आता कोणाकडेच नाही. तुमच्या लेकराने मात्र हात पुढे केला असेल, तर त्या हातावर आजच अंडं ठेवा.