चौघी जेवल्या, धाकटी राहिली

मित्रांनो, मोटारीला चाके किती असतात? चार म्हणालात ना? सगळे तसेच म्हणतात. मी पाचवी. मी एक जुनी स्टेपनी आहे. डिकीतल्या गालिच्याखाली एक गोल खड्डा असतो, तेच माझे घर. वाटेत एखादे चाक पंक्चर झाले, तरच माझी आठवण होते.

कारखान्यात आम्ही पाच बहिणी एकाच साच्यातून निघालो. काळ्या कुळकुळीत, अंगाला नव्या रबराचा वास. चौघी रस्त्याला लागल्या आणि माझ्या वाट्याला अंधार आला. संध्याकाळी त्या चिखलाने माखलेल्या असायच्या आणि ऐटीत सांगायच्या, आज घाट चढलो, आज ओढा ओलांडला. मी मुकाट्याने ऐकायची. उभ्या आयुष्यात मी रस्त्यावर एकदाच धावले. एका बहिणीला खिळा लागला आणि ती दुरुस्त होईपर्यंत मला तिच्या जागी लावले. ती एक दुपार मी अजून पुरवून पुरवून आठवते.

तरी मी दुःखी नव्हते, कारण तेव्हा मोटार आजोबा चालवायचे. पेट्रोल पंपावर चारही चाकांत हवा भरून झाली, की तिथला माणूस नळी गुंडाळू लागे. आजोबा म्हणत, “थांब बाबा. चौघी जेवल्या, धाकटीचं पान राहिलं.” मग सामान उतरवून, गालिचा उचलून ते माझ्यातही हवा भरून घेत. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तर हात वर करून सांगत, “जेवतेय हो, जेवतेय.”

पुढे आजोबा जिन्यावरून पडले. कंबरेचे हाड सांधले, पण चालणे गेले ते गेलेच. घरात चाकांची खुर्ची आली. मोटार त्यांची लेक चालवू लागली. तिला घर, नोकरी, मुलीची शाळा, सगळेच एकटीने ओढायचे होते. चौघींत ती आठवणीने हवा भरे. माझ्यावरचा गालिचा मात्र कोणी उचलेना. मित्रांनो, हवा काही भांडून निघून जात नाही. ती गुपचूप जाते.

मग हा उन्हाळा आला. सुट्टीत डोंगरातली छोटी छोटी गावे आणि तिथली उद्याने बघत मोटारीने हिंडायचे ठरले. सगळा बेत नातीचा. ती एका जागी बसत नाही, म्हणून आजोबा तिला खारूताई म्हणतात. सामान कसे मावते ते पाहायला लेकीने डिकी रिकामी केली आणि मला अंगणातल्या भिंतीला टेकवून उभे केले. मोटारीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. तो उडू नये म्हणून कोपऱ्यांवर कांदे ठेवले होते.

“हे तळ्याकाठचं गाव घेऊ या?” लेकीने विचारले.

“नको. तिथल्या उद्यानाला पायऱ्या आहेत. मी फोन करून विचारलं,” खारूताई म्हणाली.

“आणि धबधबा? वर्षभर त्याच्याच नावाचा जप चाललाय तुझा.”

“वाट दगडांची आहे. त्यापेक्षा हे उंच झाडांचं उद्यान बघ ना. आत सगळी सपाट वाट आहे. फाटक किती रुंद आहे तेही विचारलं. तिथले काका म्हणाले, हत्ती आणतेस का गं? मी म्हटलं, नाही, आजोबांना.”

खुर्चीत बसलेले आजोबा खो खो हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि पुष्कळ वेळ पुसत बसले.

पण पेट्या आत गेल्यावर आजोबांना ओट्यावर बसवून त्यांची चाकांची खुर्ची घडी करून पाहिली, तर ती काही केल्या डिकीत मावेना. उभी घातली, आडवी घातली, तिरकी घातली. शेवटी लेकीची नजर माझ्याकडे वळली.

“बाबा, स्टेपनी घरीच ठेवू. तिच्या खड्ड्यात बॅगा बसतील आणि वर खुर्ची. पंक्चर झालंच, तर बोलावू कोणाला तरी.”

“डोंगरात कोणाला बोलावशील, शेळ्यांना?” आजोबा म्हणाले. “लेकरू घेऊन स्टेपनीशिवाय घाटात जायचं नाही. तिला न्या, मी राहतो घरी. शेजारी आहेतच की. आणि झाडांना पाणी कोण घालणार?”

“झाडांची काळजी कधीपासून वाटायला लागली तुम्हाला?”

“आत्तापासून.”

“आणि मी गाडी चालवताना मला टोकणार कोण?”

“फोनवरून टोकेन.”

कोणीच हसले नाही. खारूताईने नकाशावरचे कांदे एकेक करून उचलले आणि नकाशाची घडी घालू लागली. “मग मलाही नाही जायचं,” ती म्हणाली.

मित्रांनो, डोंगर बघायची हौस मला जन्मापासून होती. पण त्या क्षणी वाटले, मला राहू द्या इथेच भिंतीपाशी, आजोबांना न्या. पण स्टेपनीचे कोण ऐकतो?

लेकीने पुन्हा खुर्चीत बसवल्यावर आजोबांनी ती माझ्याजवळ आणली. “अगं, हिला काय घरी ठेवतेस? आवाज तरी ऐक हिचा,” असे म्हणत त्यांनी कौतुकाने मला काठीने ठोकले. टण्ण आवाज यायला हवा होता. आला तो थप्प, ओल्या गोणीवर मारल्यासारखा.

आजोबांनी अंगठ्याने मला दाबून पाहिले. मग हळूच म्हणाले, “धाकटी उपाशी आहे गं.”

लेक माझ्यासमोर उकिडवी बसली. “मी कधी पाहिलंच नाही, बाबा.”

“चालायचंच. मागे पडलेलं चटकन दिसत नाही,” आजोबा म्हणाले. ते माझ्याविषयीच बोलत होते, पण लेक मात्र कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

मग ती उठली. मला पुढच्या सीटवर घालून थेट पंक्चरवाल्याकडे घेऊन गेली. परत आलो तेव्हा माझे पोट भरलेले होते आणि मी मोटारीच्या डोक्यावर होते. पंक्चरवाल्याकडचे एक जुने कॅरिअर छपरावर बसवून तिने मला त्यावर दोराने बांधले होते.

“दोघंही येताय,” ती आजोबांना म्हणाली. “कोणाला तरी मागे ठेवून निघायचं, असला बेत मला नको.”

आजोबांनी खारूताईला दोर ओढून बघायला सांगितले. मग म्हणाले, “डावीकडची गाठ ढिली आहे.” टोकायला सुरुवात झाली होती.

आणि मित्रांनो, मी डोंगर पाहिले! उतरत्या छपरांची गावे पाहिली. उंच झाडांच्या सपाट वाटेवरून खारूताई आजोबांची खुर्ची ढकलत नेताना पाहिली. एका वळणावर दरीपलीकडे तो धबधबा दिसला. लेकीने गाडी बाजूला घेतली, खारूताईने मागून वाकून आजोबांची काच खाली केली, आणि आम्ही सगळे कितीतरी वेळ तिथेच थांबलो. साऱ्या प्रवासात एकही चाक पंक्चर झाले नाही. माझा काही उपयोग झाला नाही, तरी मला कोणी ओझे म्हटले नाही.

परतताना एका पंपावर आजोबांचा डोळा लागला होता. चारही चाके भरून झाली. माणूस नळी गुंडाळू लागला, तशी खारूताई खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाली, “थांबा दादा. चौघी जेवल्या, वर धाकटी राहिलीय.”

म्हणून सांगते, तुम्ही प्रवासाचा बेत आखाल, तेव्हा नकाशा जरूर पाहा. पण निघण्याआधी एकदा डिकीतला गालिचाही उचला. आणि घरात मागच्या खोलीत कोणी गप्प बसलेले असेल, तर त्यांच्याही जवळ जाऊन बसा. जे मागे असतात ते मागत नाहीत. त्यांना विचारावे लागते, जेवलात का?