कागदावरची अकरा वर्षं

लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं विकणाऱ्या त्या कंपनीत ताईला सगळेच ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठा असलेला दारावरचा रखवालदारसुद्धा. वेबसाइट सांभाळणाऱ्या सहा जणांची ती प्रमुख. त्यातले दोन अनुभवी इंजिनिअर एकाच महिन्यात सोडून गेले आणि उरलेल्यांच्या नाकी नऊ आले. त्यातच एक जुना दोष पुन्हा डोकं वर काढू लागला होता: एकच सीट कधीकधी दोघांना विकली जायची. मग बसच्या दारात दोन प्रवासी भांडायचे, ड्रायव्हर कंपनीला फोन लावायचा आणि कंपनी ताईला.

वरून हुकूम आला तो असा, की नवीन पगारी माणूस घ्यायचा नाही. सीनिअर इंजिनिअर बाहेरच्या एजन्सीकडून करारावर घ्यायचे, आणि मुलाखती ताईने घ्यायच्या.

बुधवारपर्यंत तिने पाच जण पाहिले. एक जण प्रत्येक प्रश्नानंतर स्क्रीनच्या कडेला बघून उत्तर वाचत होता. दुसऱ्याला सगळं ठाऊक होतं, फक्त हाताने केलेलं काहीच नव्हतं. सहाव्याची फाइल बरी वाटली. अनुभव अकरा वर्षं. कॅमेरा सुरू झाला. समोर मास्तर बसले होते.

मास्तर म्हणजे तिच्या पहिल्या नोकरीतले वरिष्ठ. फळ्यावर चौकोन आणि बाण काढून समजावून द्यायचे, म्हणून मास्तर. प्रोग्राम लिहायला तिला त्यांनीच शिकवलं, तेही तिची चूक तिलाच शोधायला लावून. त्यांना तेव्हाच नोकरीत अकरा वर्षं झाली होती, आणि त्या गोष्टीलाही आता तेरा वर्षं उलटली होती. केस काळेभोर केलेले. शेजारच्या चौकटीत एजन्सीचा माणूस हसतमुखाने बसलेला.

"नमस्कार मॅडम," मास्तर म्हणाले.

ताईने ओळख दाखवली नाही. ठरवून नव्हे, त्यांनी दाखवली नाही म्हणून तिनेही नाही. तिने तो सीटचाच प्रश्न विचारला. दोघांनी एकाच क्षणी एकच सीट दाबली तर काय करायचं? मास्तरांनी इतक्या सावकाशपणे उत्तर उलगडलं, की मुलाखत आपण घेतोय हे ती घटकाभर विसरली. नंतरच्या फॉर्मवर एक चौकट होती: उमेदवाराशी पूर्वीची ओळख. 'आहे' म्हटलं असतं तर मुलाखत बाद झाली असती आणि असा माणूस हातचा गेला असता. ताईने 'नाही'वर खूण केली.

पहिल्या दिवशी जिन्यात दोघं भेटली.

"इथे मला मास्तर म्हणू नकोस हं," ते म्हणाले. "कागदावर मी तुझा ज्युनिअर आहे. दोन वर्षांनी."

ती हसली, तेही हसले. मग त्यांनी सांगितलं. त्यांची कंपनी बंद पडली, त्यानंतर आठ महिने ते घरी होते. एवढा अनुभव म्हटल्यावर कोणी बोलावेचना. या एजन्सीने त्यांच्या फाइलमधली तेरा वर्षं गाळली, कॉलेजचं साल बदललं आणि खाली सही मागितली. चार वेळा त्यांनी नाही म्हटलं. मग एका सकाळी थोरल्या मुलीने चहा पुढे ठेवता ठेवता विचारलं, बाबा, आज तरी कुठे बोलावलंय का? तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी सही केली.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी तो सीटचा दोष मुळापासून काढला. ड्रायव्हरांचे फोन थांबले. टीममधली पोरं जेवणाच्या सुट्टीतही त्यांच्या टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसू लागली. ताईला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

आणि मग कागदपत्रांची पडताळणी आली. कॉलेजने खरं साल कळवलं. एजन्सीने लगेच हात वर केले, माहिती उमेदवारानेच चुकीची दिली म्हणून. साहेबांनी ताईला बोलावलं. मुलाखतीत आपली दिशाभूल झाली असं निवेदन तिने सही करून द्यायचं होतं.

ताईने होतं नव्हतं ते सगळं सांगून पाहिलं. काम डोळ्यांसमोर आहे. या माणसाने अनुभव फुगवला नाही, उलट लपवला. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मला कळत नाही असं नाही. पण साल खोटं आहे. वर मी काय सांगू?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना आधीपासून ओळखत होतात का?"

ताईच्या नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. तो अजून भिंत धरून चालायचा. पुढचे सगळे उपचार तिच्या कंपनीच्या विम्यावर होते.

"नाही," ती म्हणाली.

निवेदन घेऊन ती मास्तरांना मीटिंग रूममध्ये घेऊन गेली. त्यांनी तो कागद एखादा प्रोग्राम तपासावा तसा ओळीवर बोट ठेवून वाचला. "इथे तारीख चुकलीय बघ," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "सही कर. दोघांनी कशाला बुडायचं?"

तिने तारीख दुरुस्त केली आणि सही केली.

चार वाजता मास्तर दोन पोरांना काही समजावत असताना त्यांचा लॉगिन बंद झाला. वाक्य अर्धं राहिलं. त्यांनी ते कागदावर चौकोन काढून पुरं केलं, डबा पिशवीत टाकला आणि रखवालदाराकडे ओळखपत्र देऊन निघून गेले. एजन्सीचा करार मात्र तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने दोन नव्या फाइली पाठवल्या, गैरसोयीबद्दल दिलगिरीसकट.

त्या रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यामुळे झालं ना?" नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही, आणि तेही त्याला लागलं.

आठवड्याने तिने मीटिंग रूमचं दार लावून मास्तरांना फोन केला. तीन वेळा मनात घोकलेलं वाक्य जिभेवर यायच्या आत त्यांनीच बोलायला सुरुवात केली. रद्द केलेल्या तिकिटांच्या तपासणीचा प्रोग्राम अर्धा राहिला होता, तो कुठे सापडेल आणि पुरा करणं कुणाला जमेल, हे त्यांनी नीट सांगितलं. तिने लिहून घेतलं.

"मास्तर, मी तेव्हा..."

"अगं, धाकटीची शाळा सुटायची वेळ झाली," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

ती कागदाकडे बघत तशीच बसून राहिली. मग कुणीतरी काचेवर टकटक केली. बाहेरच्यांना खोली हवी होती.