वर सांगणारी मावशी

इस्त्रीवाल्या मावशीला कोणी धरून नेलं नाही, हाच तिचा गुन्हा ठरला.

झालं असं. तिच्या खालच्या मजल्यावर गणिताचे एक मास्तर राहायचे. एकटा जीव, मनाने निर्मळ, पण जिभेला हाड नाही. एका संध्याकाळी ते मावशीकडे चहाला आले. गप्पांच्या ओघात म्हणाले, "भिंतींना कान आहेत म्हणतात ना मावशी, पण आपल्या भिंतींना ओलच एवढी, की ते कान केव्हाच फुटले असतील!" मावशी पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे चौकशी खात्याची गाडी आली आणि मास्तरांना घेऊन गेली. ते पुन्हा दिसले नाहीत.

आता मावशीची पाळी, असं म्हणून अख्खी इमारत श्वास रोखून बसली. पण मावशी रोजच्यासारखी लाँड्रीत कामाला गेली आणि संध्याकाळी पिशवी हलवत परत आली. दुसऱ्या दिवशीही आली. महिना उलटला तरी येतच राहिली. मग लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मावशी वर सांगते.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. भांडण झालं असतं तर मावशीने चार शब्द सुनावून मोकळं केलं असतं. तशी ती कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण भांडायला समोर कोणी उभंच राहीना. ती जिना चढायला लागली की वरच्या गप्पा नळ बंद केल्यासारख्या थांबत. रेशनच्या रांगेत बायका बाजूला होऊन म्हणत, "पुढे व्हा ना मावशी, आम्हाला कुठे घाई आहे?" पाववाला खरपूस भाजलेला पाव निवडून तिच्या पिशवीत घाली. मान एवढा मिळाला की विचारू नका. माणूस मात्र मिळेना.

लाँड्रीत तिच्या शेजारच्या टेबलांवर दोन पोरी होत्या. कॉलरला इस्त्री फिरवता फिरवता त्या पूर्वी नवरा, सासू, दीर सगळ्यांची कपड्यांबरोबरच धुलाई करायच्या. आता मावशी आत आली की फक्त वाफेचा फुसफुस आवाज. मावशी मुद्दाम विषय काढी, "काय गं, तुझ्या सासूचा गुडघा कसा आहे?"

"छान आहे मावशी. सरकारी दवाखान्यात फार चांगले उपचार मिळतात," पोरगी म्हणे आणि मान खाली घाली. सासूला उठताही येत नव्हतं, हे मावशीला ठाऊक होतं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी मूल नाही. सुट्टीच्या दिवशी भाऊ सहकुटुंब यायचा, तेवढाच काय तो आधार. एकदा भावजय एकटीच आली. दारातूनच म्हणाली, "ताई, या वेळी नाही हो जमणार. मुलांच्या परीक्षा आहेत."

त्या मुलांच्या परीक्षा पुढे कधी संपल्याच नाहीत.

शेवटी मावशीने पदर खोचला आणि थेट चौकशी खात्याचं ऑफिस गाठलं. लोक ज्या दारावरून खाली मान घालून झपझप जात, त्या दारातून ती स्वतःच्या पायांनी आत शिरली. खिडकीमागच्या कारकुनाला म्हणाली, "मला एक दाखला हवा आहे. मी तुमच्याकडे कामाला नाही, असा."

कारकून इतका हसला की त्याला ठसका लागला. "अहो बाई, असा दाखला तुम्हाला दिला, तर उद्या सगळं शहर इथे रांग लावेल. आणि ज्यांच्याकडे दाखला नसेल ते कोण, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग आमच्या माणसांनी जायचं कुठे?"

"पण मी कधी कोणाबद्दल काही सांगितलं नाही हो."

"ते आम्हाला माहीत आहे," कारकून डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही बिनकामाच्या आहात. जा घरी."

मग मास्तरांबद्दल कोणी सांगितलं, हे तिने विचारलं नाही. विचारून उत्तर मिळणार नव्हतंच. ती बाहेर पडली, तर समोरच्या फुटपाथवर दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण कापडाचा गठ्ठा घेऊन उभी. तिने मावशीला त्या दारातून बाहेर पडताना डोळ्यांनी बघितलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

पण आठ-पंधरा दिवसांनी तीच शिंपीण मावशीच्या दारात आली. हातात साखरेची वाटी, ओठांवर हसू. मावशीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिने खुर्ची पुसली, ठेवणीतले कप काढले, चहाला आधण ठेवलं. बोलू किती आणि काय, असं तिला झालं. शिंपीण मात्र चहाचा घोट घेऊन पुढे सरकली.

"मावशी, वरचे कंपाउंडर आहेत ना, ते बाहेरच्या देशातला रेडिओ ऐकतात. मी जिन्यातून स्वतः ऐकलंय. तुमच्या कानावर घातलं, आता पुढे कुठे सांगायचं ते तुम्ही जाणता."

मावशीने कप खाली ठेवला. "तुझं काय वाकडं केलंय गं त्यांनी?"

"छे, छे! माणूस भला आहे. पण एकट्याला दोन खोल्या! आमच्या थोरल्याचं लग्न ठरलंय, सुनेला आणून ठेवू कुठे? तुम्ही शब्द टाकलात तर..."

"चहा निवतोय तुझा," मावशी म्हणाली. शिंपीण गेल्यावर साखरेची वाटी तिने टेबलावरून हलवलीसुद्धा नाही.

कंपाउंडर तिच्या नवऱ्याचे मित्र. पूर्वी तिला वहिनी म्हणत, हल्ली जिन्यात भेटले की चक्क "मॅडम" म्हणायचे. मावशी कपड्यांची मोठी पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, रेडिओ घरात ठेवू नका. लोकांना कळलंय."

कंपाउंडर पांढरेफटक पडले. "कसला रेडिओ? मॅडम, माझा सरकारवर पूर्ण विश्वास आहे." हे ते इतक्या मोठ्याने बोलले की खालपर्यंत ऐकू गेलं असेल.

"अहो, मी सापळा लावायला नाही आले!"

"मी कुठे तसं म्हटलं?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं की दुःखाने, तिचं तिलाच कळेना. ती सरळ आत शिरली, पलंगाखाली वाकली, चादरीत गुंडाळलेला छोटा रेडिओ काढला आणि पिशवीतल्या कपड्यांखाली दडवला. कंपाउंडर हात जोडून भिंतीला टेकले होते. "मी आपणहून दिला असं सांगा. एवढी दया करा."

"गप्प बसा भाऊजी," मावशी म्हणाली आणि पिशवी उचलून खाली आली.

मावशीकडून काही हलत नाही म्हटल्यावर शिंपिणीने दुसरी वाट शोधली असावी. एका सकाळी खात्याची माणसं आली ती थेट कंपाउंडरांच्या खोलीत. गाद्या फाडल्या, फरशा उचकटल्या. सापडलं काहीच नाही. चरफडत निघून गेली. मावशीच्या दाराकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. बिनकामाची बाई ती. इमारतीने मात्र या झडतीचं खापरही तिच्याच डोक्यावर फोडलं.

त्या संध्याकाळी जिन्यात कंपाउंडर समोर आले. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले. "कातड्याचे जोडे करून घातले तरी..."

"जोडे नकोत. लोकांना खरं काय ते सांगा."

कंपाउंडर आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "सांगू कसं? रेडिओ होता हे आधी कबूल करावं लागेल."

ते मावशीलाही पटलं. ती म्हणाली, "मग निदान चारचौघांत माझ्याशी दोन शब्द बोलत जा. हवापाण्याचे का होईनात."

ते बोलले. सकाळी नळावर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आज पाण्याला जोर आहे हो!" मावशीला दिवसभर इस्त्री हलकी वाटली. पुढेही ते बोलत राहिले. उन्हाबद्दल, पावाबद्दल, तिच्या खोकल्याबद्दल. आणि मग पत्ते खेळायला येणारे त्यांचे मित्र यायचे बंद झाले. दवाखान्यात त्यांच्या खिडकीपुढची रांग शेजारच्या खिडकीकडे वळू लागली. एक दिवस त्यांची लेक नातवाला न आणता एकटीच आली, दार लावून बरंच रडली आणि गेली.

त्यानंतर कंपाउंडर नळावर येईनासे झाले. दुपारी, सामसूम असताना पाणी भरू लागले. मावशीने त्यांना मनातल्या मनातही बोल लावला नाही. बाकीच्यांनी भीतीपोटी तिला वाळीत टाकलं होतं, कंपाउंडरांनी निदान काही दिवस तरी ती भीती बाजूला ठेवली होती.

रेडिओ त्यांनी परत मागितला नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी अंगणातल्या कर्ण्यावर सरकारी भाषण लागायचं, खिडक्यांच्या काचा थरथरतील एवढ्या जोरात. त्या गदारोळात मावशी रेडिओ उशीवर ठेवून हळूच लावी. दूरच्या कुठल्या तरी देशातली एक बाई बोलत असे. भाषा कळायची नाही. बातम्या सांगते की हवामान, की शिवणकाम शिकवते, कोण जाणे. पण मावशी खोलीत आली म्हणून ती कधी गप्प झाली नाही.

एका दुपारी मावशीने खुर्ची पलंगाजवळ ओढली, विणायचं घेतलं आणि म्हणाली, "अगं, आज लाँड्रीत काय झालं माहितेय?" बाहेर कर्णा गरजत होता. मावशी सांगत राहिली, आणि ती बाईही तिच्या भाषेत बोलत राहिली.