जिभेतून डबीत

मी एक जुना स्टड आहे, मित्रांनो. जुना म्हणजे लई वर्षांचा नाय, पण माझ्या जागेवर आता दुसरा बसलाय, मग मी जुनाच की. नाकातला नाय, कानातला नाय, मी जिभेतला. स्टीलची एक बारीक काडी अन् दोन्ही टोकांना ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक गोळा, बास, एवढाच मी. आधीच शी म्हणू नका. ऐका तर खरं.

माझा कारखाना कुठला ते मला आठवत नाय. भट्टी आठवते, पॉलिशचं चाक आठवतं, अन् मग एक प्लास्टिकची पुडी. त्या पुडीतून मी आलो थेट संभाजीनगरात, कॅनॉटच्या बाजारात, केयूरच्या दुकानात. केयूर टॅटू काढायचा अन् कुणी आलं तर टोचून द्यायचा. तिथं नाकातल्या चमक्या रोज विकल्या जायच्या अन् मी आपला पडून. लोक मला बघायचे, हसायचे, जीभ आत ओढून घ्यायचे अन् जायचे. लई वाईट वाटायचं.

मग एका दुपारी प्रेरणा आली. कॉलेजची पोरगी, पाठीला बॅग, सोबत मैत्रीण मनस्विनी. टोचायचं दोघींचं ठरलं होतं. पण सुई बघितल्यावर मनस्विनी म्हणाली, आधी तू कर, मी फोटो काढते. अन् खरंच तिनं नुसते फोटोच काढले. केयूरनं प्रेरणाला परत परत विचारलं, पक्कं ना? घरी माहितीय का? ती म्हणाली, घरी नाय माहीत, पण पक्कं. का टोचायचंय, असंही विचारलं. ती म्हणाली, "आवडतं म्हणून." दुसरं काही कारण नव्हतंच. तुम्हाला सांगतो, या दोन शब्दांनी पुढं लई घोळ घातला.

केयूरनं सगळं समजावलं. जेवलं की उकळून कोमट केलेल्या मीठपाण्यानं चुळा भरायच्या. तिखट नाय खायचं. जीभ सुजेल म्हणून आधी हा लांब स्टड घालतोय, सूज उतरली की परत ये, आखूड घालू, नायतर हा दातावर आपटत राहील. म्हणजे माझी नोकरी थोड्या दिवसांचीच होती. मला तेव्हा कळलंच नाय. मी नुसता खूश. आत सगळं ओलं, ऊबदार, मऊ. आजपर्यंत कुणी मला एवढं जवळ घेतलं नव्हतं.

प्रेरणाचं घर चितेगावला, पैठण रोडवर, भाड्याच्या दोन खोल्या. मूळ गाव वैजापूरकडचं. तिथली विहीर आटली अन् सगळं घर इकडं आलं. घरात तिचे वडील, त्यांना ती नाना म्हणायची. नाना टँकर चालवायचे. मोठा भाऊ गोकुळ इथल्याच कंपनीत, त्याची बायको आशावहिनी. अन् नानांची मोठी बहीण लक्ष्मीबाई, म्हणजे आत्या. आई प्रेरणाच्या लहानपणीच गेली, तिला आत्यानंच वाढवलं. त्या उन्हाळ्यात रोडच्या कडेला शहरासाठी हे मोठाले पाईप गाडायचं काम चाललेलं, माणूस उभा राहील एवढे. अन् पाईपाच्या अलीकडं आमच्या गल्लीत ड्रमांची रांग. टँकर आला की पाणी, नायतर नाय.

त्या दिवशी प्रेरणा तोंडावर ओढणी धरून घरात शिरली. जीभ सुजून टम्म. आत्या म्हणाली, तोंड उघड. तिनं उघडलं. आत्या वाकली, अन् मी आत्याकडं बघतोय अन् आत्या माझ्याकडं बघतेय. आत्याच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर हिरवं गोंदण, कान पाच ठिकाणी टोचलेले. म्हटलं, ही बाई तर आपल्यातलीच. मग तिनं हळूच दोन्ही हात जोडले.

ऐका बरं का, इथंच सगळी गडबड झाली. आशावहिनीला आठवा महिना लागला होता. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती, म्हणून वहिनी लई भ्यालेली. रात्र रात्र झोपायची नाय. अन् आत्यानं लहानपणी एका जत्रेत जिभेत दाभण घातलेला नवसाचा माणूस बघितलेला. तिच्या डोक्यात गाठ बसली, पोरीनं भावजयीच्या लेकरासाठी जीभ टोचली. प्रेरणा म्हणत होती, तसं नाय आत्या, तसं नाय. पण बाहेर निघत होतं नुसतं आ, आ. तिला बोलता येईना, तर आत्या म्हणाली मौन धरलंय. ठेचा खाता येईना, तर म्हणाली उपास धरलाय. बघता बघता गल्लीभर झालं. शेजारच्या केसरबाई हळदीकुंकू घेऊन आल्या अन् त्यांनी वाकून माझ्याकडं बघून नमस्कार केला. मला, मित्रांनो. कॅनॉटमध्ये कुणी घेत नव्हतं मला.

संध्याकाळी नाना आले. त्यांना रस्त्यातच कळलं होतं. प्रेरणा भिंतीला टेकून बसलेली, मला तिच्या जिभेचा थरथराट कळत होता. नाना एरवी लई कमी बोलायचे, अन् रागावले तर अजून कमी. ते समोर उकिडवे बसले, जमिनीकडं बघत. मग म्हणाले, "दुखायलंय का?"

तिनं मान हलवली. ते उठून गेले.

अन् दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिच्या उशाशी तांब्या. उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात मीठ. नाना टँकरवर जायच्या आधी करून ठेवायचे. अन् ते पाणी टँकरचं नाय बरं का. लोकांच्या पाण्याला नाना घरासाठी हात लावायचे नाय, कधीच नाय. ते जारचं पाणी विकत आणायचे. घरात सगळे भांडी राखेनं घासायचे अन् चूळ भरायला मात्र पोरीला विकतचं पाणी. चूळ भरताना ती डोळे मिटून घ्यायची. थुंकायला जिवावर यायचं तिच्या.

आता तुम्ही म्हणाल, सूज उतरल्यावर खरं सांगून टाकायचं ना. ती सांगणारच होती. मी जिभेतच राहायचो, मला सगळं कळायचं. दुसऱ्यांना फक्त बोललेलं ऐकू येतं, पण जिभेवर येऊन परत गेलेले शब्द माझ्याच अंगावरून जायचे. "नाना, ऐका ना," एवढं यायचं, अन् मागं फिरायचं. एकदा तर ती वहिनीपाशी जाऊन बसली, सगळं बोलायचं ठरवून. तर वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही टोचलं ना, त्या दिवसापासून मला झोप लागायली. आता भ्या वाटत नाय." झालं. सगळे शब्द परत घशात. तिनं वहिनीच्या पोटावर हात ठेवला अन् गप बसली.

अन् नवस म्हटल्यावर मला काढताही येईना. आत्याची सक्त ताकीद, लेकरू होईपर्यंत खिळ्याला हात लावायचा नाय. मला खिळा म्हणायची ती. त्यामुळं कॅनॉटला जाणं राहिलं अन् मी लांबच्या लांब तसाच आत. बोलताना, जेवताना, टक टक करत तिच्या दातांवर आपटायचो. मला नको वाटायचं हो. एका दाताला माझ्यामुळं बारीक टवका उडाला. तिनं कुणाला सांगितलं नाय. जिभेनं नुसतं तिथं चाचपत राहायची.

मग वहिनीला मुलगा झाला. छान गुटगुटीत, रडका. सगळं घर हसायला लागलं. बाराव्या दिवशी कान टोचायला आत्यानं पैठणच्या सांडू सोनाराला बोलावलं. बाळ आत्याच्या मांडीवर झोपलेलं, सोनारानं तार हातात घेतलेली. अन् आत्या म्हणाली, कानासोबत नाकही टोचायचं. आधीची दोन गेली, म्हणून हे नजरेत यायला नको. आपल्या कचरूचं टोचलं तसंच.

कचरू म्हणजे आपले नाना. मी त्यांच्याकडं नीट बघितलं तेव्हा मला दिसलं, त्यांच्या उजव्या नाकपुडीवर बुजलेल्या भोकाचा वण. आत्याच्या पाठची अन् त्यांच्याआधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं, नाव ठेवलं कचरू, अन् नाकात घातली बाळी.

वहिनी बाळाच्या नाकाकडं बघत बसली. तिला ते नको वाटत होतं, पण नाय म्हणायची हिंमत होत नव्हती. मग ती प्रेरणाकडं वळली. "ताई, तुम्हीच सांगा. तुमच्या नवसानं हा आला. तुम्ही म्हणाल तसं करू."

सगळ्यांच्या नजरा प्रेरणावर. अन् मला कळलं की शब्द येतायत. तेच, इतके दिवस माझ्यावरून ये-जा करणारे. मी मनात म्हणत होतो, आता मागं नका फिरू.

"वहिनी, मी नवस केलाच नव्हता," ती म्हणाली. "मला आवडलं म्हणून टोचलं."

सोनारानं तार खाली ठेवली. गोकुळ तडकला, म्हणाला, म्हणजे गल्लीभर पाया पडून घेत होतीस तू? आत्या म्हणाली, बया, मी केसरबाईला काय तोंड दाखवू, अन् एवढंच टोचायचं होतं तर सोन्याचं तरी टोचायचं. वहिनीचं तोंड पांढरं पडलं. ती हळूच म्हणाली, "मग हा कसा वाचला?"

प्रेरणा तिच्याजवळ सरकली. "तुम्ही वाचवलं वहिनी. नऊ महिने तुम्ही सांभाळलं. मी फक्त गप बसले."

वहिनी रडायला लागली, पण तिनं प्रेरणाचा हात सोडला नाय, हे मी बघितलं.

मग नाना उठले. त्यांनी आत्याच्या मांडीवरून बाळ उचललं, छातीशी धरलं. नाना एवढं बोलतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"आक्का, तू माझं नाक टोचलंस असं नाय म्हणत मी. मायला भ्या वाटलं, तिनं टोचलं. तिच्यावर राग नाय माझा. पर शाळेत पोरं मला नथीची पोरगी म्हणून चिडवायची. मी बाळी उपसून काढली तवा नाक फाटलं, रगत आलं. मला कुणी इचारलंच नव्हतं." ते बाळाकडं बघत होते. "ह्याचं नाक राहू द्या. कानबी राहू द्या. मोठा झाल्यावर त्याला वाटलं तर तो टोचंल."

त्यांनी बाळ वहिनीच्या ओटीत ठेवलं. प्रेरणाकडं बघितलंही नाय. चपला घातल्या अन् टँकर घेऊन निघून गेले.

त्या दिवशी प्रेरणा जेवली नाय. माझ्यावरून एकही शब्द गेला नाय, नुसतं खारट खारट पाणी वरून येत होतं. तिला एकच वाटत होतं, नाना आता बोलणार नाहीत. तांब्या नवसाचा होता, नवस खोटा निघाला, म्हणजे तांब्या गेला. मलाही तसंच वाटलं.

सकाळी तिनं डोळे उघडले. उशाशी तांब्या होता.

खरं तर जीभ कधीच बरी झाली होती, मीठपाण्याची गरजच राहिली नव्हती. तरी तिनं सगळा तांब्या संपवला, एकेक चूळ भरत. मग ती बाहेर गेली. नाना टँकरची काच पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "मला नाय आवडत ते. खोटं नाय बोलणार मी."

"माहितीय नाना."

"पर जीभ तुझी हाय." मग म्हणाले, "लांब हाय तो. दातावर वाजतो. रोज ऐकू येतं मला. आखूड मिळतो का?"

मित्रांनो, एवढ्या दिवसांत माझी टकटक त्या घरात नानांनी एकट्यानंच ऐकली होती.

दोघं टँकरमध्ये बसून कॅनॉटला गेले. टँकर लावायला तिथं जागा मिळेना म्हणून नाना खालीच थांबले. मग राहवेना म्हणून वर आले अन् केयूरला विचारायला लागले, सुई नवी हाय का, हात धुतले का. केयूरनं परत धुवून दाखवले. मला काढलं, आखूड घातला. मी ट्रेमध्ये पडून होतो. कचऱ्याच्या डब्यात जाणार हे मला माहीत होतं. पण नानांनी मला उचललं, शर्टच्या कोपऱ्यानं पुसलं अन् खिशात टाकलं.

आता मी एका जुन्या पितळी डबीत असतो. एकटा नाय. शेजारी एक बारीक सोन्याची बाळी आहे, वाकडी झालेली. नानांच्या नाकातली. त्यांच्या आईनं ती उचलून ठेवली होती, अन् नंतर नानांनी. आम्ही दोघं गप्पा मारतो. ती म्हणते, मला रडणाऱ्या पोराच्या नाकात घातलं होतं. मी म्हणतो, मला हसणाऱ्या पोरीनं स्वतः मागून घेतलं होतं.

आत्याला अजून मी पटलेलो नाय. गोकुळलाही नाय. वहिनी मधूनच प्रेरणाला म्हणते, जीभ काढून दाखवा बरं याला, अन् बाळ खिदळतं. त्याचे कान अजून कोरे आहेत.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. ज्याला बोलता येत नाय त्याला टोचू नका, त्याला बोलता येईपर्यंत थांबा. अन् तुमच्या घरातलं कुणी टोचून घरी आलंच, तर रागवायचं ते रागवा, नाय आवडलं तर तसं तोंडावर सांगा. पण त्याआधी, दुखतंय का, एवढं विचारा. अन् सकाळी उशाशी एक तांब्या ठेवा. कोमट. थोडं मीठ घालून.