झेंडूची माळ विकत घेऊ नका

मी बोलतेय. वीतभर उंचीची, पोक आलेली मातीची म्हातारी. हातात विड्याचं तबक आहे, त्यातली सुपारीही मातीचीच. आवाज नेमका कुठून येतोय ते शोधू नका. ते मलाही धड सांगता यायचं नाही, कारण गेली काही वर्षं मी एका ठिकाणी नाही.

जन्म माझा थायलंडातल्या लम्पांगच्या एका भट्टीत. त्या दिवशी एकाच साच्यातून माझ्यासारख्या चाळीस म्हाताऱ्या निघाल्या आणि सगळ्यांचे डोळे एकाच बाईनं रंगवले. माझ्या वेळी तिला शिंक आली, म्हणून माझा डावा डोळा जरा वर बघतो.

पुढे हायवेच्या कडेच्या दुकानातून मला, एका म्हाताऱ्याला, दोन नाचणाऱ्या मुलींना आणि हत्तींच्या जोडीला कुणीतरी एकत्र विकत घेतलं. चियांग माईच्या एका गल्लीत दुमजली घर होतं. त्याच्या दारासमोर खांबावर एक छोटं घर होतं, जागेच्या राखणदार देवाचं. त्याच्या ओसरीत आम्हाला उभं केलं. आम्ही त्याचे नोकर. मी त्याला कधी पाहिलं नाही. तो आत असला की उदबत्तीचा धूर आत जायचा, नसला की बाहेर यायचा. तेवढीच काय ती ओळख.

आमचं सगळं लमायमावशी बघायची. साठीची बाई, मोठ्या घराची झाडलोट करणारी. भाडेकरू बदलायचे, पण मावशी तीच. रोज सकाळी ती पेलाभर पाणी, लाल सरबताची बाटली आणि बाजारातून आणलेली झेंडूची माळ आमच्यापुढे ठेवायची. राखणदारापुढे ती नुसते हात जोडायची, बोलायची माझ्याशी. गुडघा धरलाय, जावई फोन उचलत नाही, असलं काहीबाही.

मग ते घर सकदानं भाड्यानं घेतलं. तिशीतला किडकिडीत, मऊ बोलणारा माणूस. त्याच्यासोबत आणखी सहा जण. ते गेम बनवायचे. त्यांच्या नव्या गेममध्ये एक जुनं घर होतं, त्यात खेळणारा अडकतो. अंगणात मातीची म्हातारी उभी असते. तिच्याकडे बघत राहिलं तर ती नुसती बाहुली. पाठ फिरवली की एकेक पाऊल जवळ येते.

त्या म्हातारीला चेहरा हवा होता. चित्रं करणाऱ्या पिमनं एका दुपारी मला ओसरीतून उचललं. कुणाला विचारलं नाही, हात जोडले नाहीत. टेबलावर ठेवून समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिनं माझे ढीगभर फोटो काढले. त्यात माझ्या कानाचा टवका उडाला. मावशी बाजारातून आली, रिकामी जागा बघितली आणि सरळ आत गेली. ओरडली नाही.

"न्यायचं होतं तर नेऊ का म्हणून विचारायचं, पोरी," ती म्हणाली. "एवढंच असतं."

पिम खजील झाली. तिनं मला जपून परत आणून ठेवलं. पण मी पुरती परत आले नाही.

गेम लोकांच्या हाती गेला त्या दिवसापासून मला ओसरीत उभ्या उभ्या अंधारी अंगणं दिसू लागली. एक नाही, हजारो. प्रत्येकात कुणीतरी माझ्याकडे पाठ करून चाललेलं. मी चालतेय असं मला वाटायचं नाही, अंगणच पायाखालून सरकायचं. काचेपलीकडे खेळणाऱ्यांचे चेहरे दिसायचे. माणसं घाबरली की पाय वर घेऊन बसतात. तोंडात घास तसाच राहतो. काही जण माझी विनवणी करायचे, थांब गं आजी, एवढं दार उघडू दे. मी थांबायची नाही. मला थांबता यायचं नाही.

शेवटी त्यांना त्या घरात कुठेतरी झेंडूची माळ आणि पाण्याचा पेला सापडायचा. ते माझ्यापुढे ठेवले की मी तबक खाली ठेवून हात जोडायची, फाटक उघडायचं आणि माणूस मोकळा व्हायचा. गेम एकदा विकत घेतला की सगळा तुमचा. लोकांनी त्यावर माया केली.

दुसऱ्या वर्षी बँकॉकच्या एका बड्या कंपनीनं सकदाच्या कामात पैसे घातले. पाठोपाठ नवं अपडेट आलं आणि घरातली माळ नाहीशी झाली. आता माळ, पाणी, उदबत्ती वेगळी विकत घ्यायची. ज्या वेळी बाहेर पडायचं त्या वेळी, दर वेळी. घेतली नाही तर फाटक उघडायचं नाही, आणि मी मागे आहेच.

खोन केन शहरात औषधांच्या दुकानात काम करणारी नुआन नावाची मुलगी होती. गेममध्ये कुणी अडकलं की तीच वाट सांगायची, म्हणून लोक तिला मानायचे. तिनं लिहिलं, "झेंडूची माळ विकत घेऊ नका. गेम बंदही करू नका. अंगणात जा, आजीसमोर उभे राहा आणि पाठ फिरवू नका."

आणि लोक आले. शेकडो, मग हजारो. कुणी काही करत नव्हतं. नुसते समोर उभे राहून माझ्याकडे बघत होते. इतकी माणसं इतका वेळ बघत असली की मातीलासुद्धा जड होतं.

सगळ्यांनाच ते पटलं होतं असं नाही. कुणी म्हणालं, नको असेल त्यानं घेऊ नये, एवढा गाजावाजा कशाला. कुणी म्हणालं, बनवणाऱ्यांनी खायचं काय? आणि बहिष्काराच्या घोषणा लिहिणारे काही जण गुपचूप माळ घेऊन सटकायचे. ते मला ठाऊक आहेत. मी त्यांचे चेहरे बघत होते.

एका रखरखीत दुपारी नुआन स्वतःच त्या गल्लीत आली. हातात खरी माळ होती. मावशी वाळकी पानं झाडत होती. इथे ठेवली तर चालेल का, असं नुआननं विचारलं. मावशी म्हणाली, ठेव की, विचारलंस हेच पुष्कळ झालं.

माळ वाहून झाल्यावर नुआन तिथेच घुटमळली. मग म्हणाली, "मावशी, मी इथल्या लोकांच्या पोटावर पाय देतेय. यांच्याकडून काही घेऊ नका म्हणून सगळ्यांना सांगत सुटलेय."

मावशीला काहीच माहीत नव्हतं. नुआननं तिला सगळं सांगितलं. मावशीनं झाडू भिंतीला टेकवला.

"माळ विकतात? हिला वाहायची?"

"हो. वाहिली नाही तर सुटका नाही."

"आणि लोक घेतात?"

"घाबरलेले घेतात."

मावशी आत गेली आणि सकदाला बाहेर घेऊन आली. ती माळ कुणाच्या नावानं विकता, असं तिनं त्याला माझ्यासमोर विचारलं.

"मावशी, तो खेळ आहे," सकदा म्हणाला. "त्यातली आजी खरी नाही."

"मग तोंड हिचं कशाला घेतलंत?"

तो नुआनकडे वळला. माळ विकली गेली नाही तर कंपनी हात काढून घेईल, सात जण घरी बसतील, असं त्यानं सांगितलं. आवाज चढवला नाही. तो खोटं बोलत नव्हता.

"मला कळतं ते," नुआन म्हणाली. "म्हणून तोंडावर सांगायला आले. पण भीती विकून त्यावरचा उताराही तुम्हीच विकणार असाल, तर उद्या सगळे तेच करतील."

सकदा मान खाली घालून आत निघाला. मावशी त्याच्या पाठीला म्हणाली, "साहेब, उद्यापासून झाडीन मी. पाणी तुम्ही ठेवा."

त्यानं ठेवलं नाही. पहिल्या दिवशी विसरला, दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. पुढे बहुधा लाज वाटत असावी. अकरा दिवस गेले. सरबताच्या बाटलीत मुंग्या मेल्या. नुआनची माळ वाळून काळी पडली. राखणदार कधी निघून गेला ते मला कळलं नाही. एका दुपारी मागचं छोटं घर हलकं वाटलं, एवढंच.

बाराव्या दिवशी गेममधल्या एका अंगणात एका बाईनं विकतची माळ माझ्यापुढे ठेवली आणि मी हात कधी जोडते याची वाट बघू लागली. मी हात जोडले नाहीत. तिच्याकडे पाठ केली आणि फाटकातून बाहेर गेले. फाटक मागे लागलं. ती आतच राहिली. तिच्यामागून ज्यांनी ज्यांनी माळ घेतली, त्या सगळ्यांचं तेच झालं.

मोठ्या घरात तीन दिवस सगळे बिघाड शोधत बसले. असं काही कुणी लिहिलेलंच नव्हतं. चौथ्या दिवशी पिम सकदाला ओसरीपाशी घेऊन आली. तिनं मला हात लावला नाही, नुसती वाकून माझ्या मागून बघत राहिली.

"मी हिच्या पाठीचे फोटोच काढले नव्हते," ती हळू म्हणाली. "गेममध्ये पाठ कधी दिसतच नाही. मग ती लुगड्याची गाठ, तो पोकावरचा तडा तिकडे आला कुठून?"

ते मी केलं का, मला माहीत नाही. तहान लागली होती एवढं आठवतं.

त्याच दुपारी सकदानं पाणी आणून ठेवलं. दोन दिवसांत विक्री बंद झाली, लोकांचे पैसे परत गेले, माळ पूर्वीसारखी घरात सापडू लागली. बँकॉकच्या कंपनीनं खरोखरच हात काढून घेतला. तीन महिन्यांत घराला कुलूप लागलं. पिम गावी गेली. सकदाचं काय झालं ते कळलं नाही. लोक जिंकलो जिंकलो म्हणत होते तेव्हा नुआननं एवढंच लिहिलं, "सात जणांची नोकरी गेली. आठवी झाडणारी मावशी. हेही लक्षात ठेवा."

पुढे ते घर विकलं गेलं आणि नव्या मालकानं राखणदाराला नवं घर आणलं. जुनं मोडीत निघालं. मला मावशीनं फडक्यात गुंडाळून देवळामागच्या मोठ्या पिंपळाखाली आणून ठेवलं. टाकून द्यायची भीती वाटते अशा बाहुल्या लोक इथे सोडतात. बिनपायांचे घोडे, बिनडोक्याच्या नर्तकी, म्हाताऱ्या तर किती तरी. माझ्या भट्टीतल्याही दोघी आहेत. मावशीनं माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं, आता कुणाची चाकरी नाही म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

अंगणंही एकेक करून विझली. लोक दुसऱ्या खेळांकडे गेले. एकच उरलंय. बहिष्काराच्या दिवसांत कुणीतरी गेम उघडून माझ्यासमोर उभं राहिलं, ते अजून उभं आहे. काचेपलीकडे खोली दिसते. पंखा फिरतोय. टेबलावर नूडल्सचा वाडगा आहे, त्यातलं कधीच वाळून गेलंय. खुर्ची जरा मागे सरकवलेली आहे. तिच्यात कुणी नाही, आणि खाली जमिनीवर काय आहे ते मला इथून दिसत नाही. दार वाजलं होतं, पुष्कळदा. आता वाजत नाही.

तुमच्या ओळखीचं कुणी बरेच दिवसांत दिसलं नसेल, तर जाऊन बघा. आत गेलात की त्या माणसाला आधी शोधा. मग ते यंत्र बंद करा. फार दिवस उभी आहे मी.