बिनचाकाची लोटगाडी आणि बिअरचं लायसन

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. पत्रा चेपलाय, निळा रंग उडालाय, पण नांदुऱ्यात चांगली अंडाभुर्जी कुठे मिळते असं विचारलंत, तर लोक माझ्याकडेच बोट दाखवतात. मला म्हातारी लोटगाडी म्हणा, चालेल. खटारा म्हणालात तर मात्र राग येईल.

मला घडवलं अन्वर वेल्डरने. चार चाकं बसवून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला गजेंद्र आणि जयमाला या नवराबायकोच्या हवाली केलं. सकाळी शाळेसमोर आलूबोंडे, दुपारी मशिदीजवळच्या बाजारात भजी, संध्याकाळी स्टेशन रोडवर भुर्जी, असा आमचा दिवस. या फिरण्यावरच त्या दोघांचं घर चालायचं. चव जयमालाच्या हाताला होती, पण लोक म्हणायचे, "या गाडीची भुर्जी लय भारी!" आणि मी ते कौतुक मुकाट्याने पदरात पाडून घ्यायचे.

पुढे संध्याकाळच्या गिऱ्हाइकांनी एकच टुमणं लावलं. "गजूभाऊ, भुर्जीसंगं थंडी बिअर ठेव ना!" गजेंद्र सरळ माणूस. चोरून विकायची नाही, लायसन काढूनच विकायची, असं ठरवून तो बुलढाण्याला दारूच्या लायसनच्या हापिसात गेला. तिथे काय झालं ते त्याने परत आल्यावर माझ्यावर कोपर टेकून जयमालाला सांगितलं.

साहेबांनी विचारलं होतं, "जागा कुठे आहे तुमची?"

"कोन्त्या टायमाची, साहेब? सकायची, दुपारची का संध्याकायची?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अहो, लायसन जागेला मिळतं. नकाशा लागतो, दाराचा नंबर लागतो, शाळेपासून, देवळापासून, मशिदीपासून अंतर मोजावं लागतं. फिरत्या गाडीचं अंतर मी कुठून मोजू? आणि खाण्याच्या लायसनवर बाटली विकलीत, तर गुन्हा दाखल होईल."

जयमाला म्हणाली, "बरं झालं. मिटला विषय."

पण गजेंद्रच्या कानात एकच शब्द राहिला होता, फिरती. "आपली गाडी फिरते, हेच अडून राह्यलं ना? मंग फिरूच नाही द्यायची!"

दुसऱ्या दिवशी अन्वरला बोलावणं गेलं. "काऊन बे, गाडीचे चाकं काढते का कोनी?" तो बिचारा कळवळून बोलला. पण मित्र पडला! त्याने चाकं काढली आणि मला स्टेशन रोडच्या कडेला विटांवर चढवलं. मित्रांनो, पाय असताना बसणं वेगळं आणि पाय काढून बसवणं वेगळं. मला फार रडू आलं.

गजेंद्र तिथेच थांबला नाही. माझ्यापुढे त्याने एक दार उभं केलं. भिंत एकही नाही, पण दाराला कडी, कोयंडा आणि वर नंबरसुद्धा! तो रोज कडी काढून आत यायचा आणि जयमाला त्याच्याकडे बघत बाजूने यायची.

आता सकाळी शाळेसमोर मी नाही, दुपारी बाजारात नाही. महिनाभरात गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालं. माझी चाकं नाल्याच्या कडेला चिखलात पडून होती, त्यांची कुणी विचारपूसही केली नाही. दाराचा नंबर टाकून केलेला लायसनचा अर्ज तर कधीच नामंजूर होऊन परत आला होता. त्यातच नगर परिषदेचा माणूस आला. म्हणाला, "चाकावर होतात तोवर फेरीवाले होतात. विटांवर बसलात म्हणजे अतिक्रमण झालं. उद्या अकराला उचलून भंगारात टाकू."

तेव्हा जयमालाचा तोल सुटला. "दुकानाचं दार पायजे होतं ना तुमाले? आता त्याच दारातून भीक मागाले जाऊ! चाकं लावा, नाही तर उद्यापासून भुर्जी तुमीच करा आन् तुमीच खा!"

सकाळी नऊपासून अन्वर आणि गजेंद्र माझ्याखाली शिरले. तीन चाकं बसली. चौथ्याची बेअरिंग गंजून अशी आवळली होती, की हातोडी तुटेल पण ती हलेना. आणि तेवढ्यात जेसीबी आलाच. माझा तर जीवच गेला.

नगर परिषदेचे साहेब खाली उतरले. "चला, उचला."

"उचलता काऊन? गाडी चालते आमची," जयमाला आडवी आली.

"चालते? मग चालवून दाखवा."

जयमाला आणि अन्वरने मागून जोर लावला. मी कण्हत विटांवरून उतरले आणि चक्क चालू लागले! साहेब वाकून मोजू लागले. "एक, दोन, तीन... अहो, चाकं तर तीनच आहेत!"

माझ्या चौथ्या कोपऱ्याखालून, खांद्यावर माझा सगळा भार घेतलेला गजेंद्र घामाघूम होऊन ओरडला, "चौथं मी हाय, साहेब!"

रस्ताभर हशा पिकला. साहेबही तोंड फिरवून हसले आणि जेसीबी परत गेला. बाजारापर्यंत गजेंद्रने मला तसंच खांद्यावर नेलं.

मित्रांनो, ज्याच्या पायावर आपलं घर चालतं, त्याचे पाय काढू नका, आणि गंजूही देऊ नका. एवढंच मागणं आहे माझं. बिअर मागणाऱ्याला जयमाला आता थंडगार मठ्ठा देते. गजेंद्र दर शनिवारी माझ्या चाकांना ग्रीस लावतो. आधी चौथ्याला लावतो आणि मग एका हाताने स्वतःचा खांदा चोळत बसतो.