पायवाढे बाबा आणि मावशींचा बूट

"वाढला! वाढला!" असा एकच गलका झाला आणि सभागृहातली माणसं खुर्च्यांवर चढली. पुढचे चढले म्हणून मागच्यांना दिसेना, म्हणून मागचेही चढले, आणि शेवटी सगळे पूर्वीइतकंच दिसेल अशा बेताने खुर्च्यांवर उभे राहिले. व्यासपीठावर आमच्या घरमालकीण मावशी पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे गुडघे टेकलेले बाबा त्यांच्या दोन्ही बुटांच्या टाचा तळहातांवर तोलून वर, म्हणजे छताच्या पंख्याकडे, बघत होते.

"येऊ दे प्रभू! येऊ दे! अजून थोडा! अजून... बस, बस, बस!"

ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो, अगदी तसं. पण लोकांना ट्रक दिसत नव्हता, त्यांना चमत्कार दिसत होता. मघाशी मावशींचा डावा बूट उजव्यापेक्षा बोटभर मागे होता. आता दोन्ही बूट एका रेषेत आले होते. मावशी ढसाढसा रडत होत्या आणि त्यांच्याबरोबर पहिल्या तीन रांगाही.

हे बाबा दाढी-जटावाले नव्हेत. चकचकीत सूट, गळ्यात रेशमी टाय, गालाला चिकटवलेला माईक. पण अशा माणसाला आपल्याकडे बाबाच म्हणतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव पायवाढे बाबा ठेवलं.

मी स्वतः कोण, तेही सांगायला हवं. मी चर्चचा तरुण सेवक. घरापासून हजारो मैल दूर, परक्या देशात, परकी भाषा बोलत दारोदार फिरून शुभवर्तमान सांगणं हे माझं काम. प्रत्यक्षात माझं काम म्हणजे घंटा वाजवणं, पडद्याआडून कुणीतरी आपल्याला बघतंय हे ओळखणं आणि उघडलेलं दार पुन्हा बंद होण्याआधी 'नमस्कार' पूर्ण म्हणणं. आमच्यात सेवकांना एकट्याने फिरायची परवानगी नाही. जोडी लागते. माझा जोडीदार दुसऱ्याच देशाचा, दारात वाकून शिरणारा. त्याचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, माझं त्याला येत नाही. मी त्याला लंबू म्हणतो आणि तो मला भाऊ म्हणतो.

म्हणजे मी काही देवधर्म न मानणारा माणूस नाही. उलट देव हीच माझी नोकरी. म्हणूनच त्याच्या नावावर कुणी हातचलाखी खपवली की माझं डोकं फिरतं.

मावशींनी आम्हाला पोटमाळ्यावरची खोली दिली होती, तीही बाकीच्या सगळ्या घरांनी नाही म्हटल्यावर. आमचे ओले मोजे त्या स्वतःच्या हीटरवर वाळत घालायच्या, आणि पाहुण्यांसमोरही घालायच्या. त्यांचा डावा खुबा झिजून पाय आखूड झाला होता, म्हणून डाव्या बुटाला चांगला जाड सोल लावलेला होता. जिना चढताना त्या मध्येच थांबत आणि खांद्यावरच्या फडक्याने कठडा पुसायला लागत. आम्हाला पहिले काही दिवस वाटलं, बाई फार टापटिपीच्या. मग कळलं, कळ निघाली की त्या कठडा पुसतात. आमचा कठडा आरशासारखा लखलखत असे.

खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी किती वाट पाहिली होती! शेवटी गुरुवारची तारीख मिळाली होती. ती चुकली की नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी. आणि आता सोमवारी संध्याकाळी घरी येऊन मावशी म्हणाल्या, "दवाखान्यात फोन करून सांगते, माझी जागा दुसऱ्या कुणा गरजूला द्या."

मी म्हणालो, "मावशी, जरा चालून दाखवा ना. बूट काढून."

"अंहं! बाबांनी बजावलंय. आतून बरं व्हायला वेळ लागतो. तोवर बूट काढायचा नाही, पाय बघायचा नाही. शंका घेतली की पुन्हा आखडतो."

"पण झोपताना?"

"झोपतानाही नाही."

आणि खरंच त्या बूट घालून झोपल्या. सकाळी जिन्यात पुन्हा कठडा पुसत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "धूळ फार झालीय हल्ली."

आम्ही त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की फोन बुधवारची सभा संपल्यावर करायचा. मग मी आमच्या पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे गेलो, कारण सभागृह आमच्याच चर्चचं होतं. पाळक खुशीत होते.

"ब्रदर, तुम्ही इतके दिवस दारं वाजवताय. किती माणसं आणलीत?"

"चार-पाच."

"त्यातले दोन कशासाठी येतात?"

"हीटरसाठी येतात," मी मान्य केलं.

"बाबा आले आणि बघा, उभं राहायला जागा नाही! देवाच्या कामात खोड काढू नका."

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या सूटवाल्या बाबांना म्हणावं, आधी तुझ्या धाकट्या मामाची उंची वाढवा. पोराचं लग्न अडलंय." मग नेहमीचं, जेवलास का, आणि चालून चालून बूट झिजले असतील, नवे घे.

बुटांचीच गोष्ट आहे. आम्हा सेवकांना बूट एकाच छापाचे मिळतात, काळे, नाडीचे. लंबूचे माझ्यापेक्षा दोन नंबर मोठे, एवढाच फरक. चारही बूट एकाच पलंगाखाली असतात. मंगळवारी सकाळी खोलीतला दिवा गेलेला, उशीर झालेला, आम्ही अंधारात हाताला लागले ते बूट चढवले आणि बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर माझा डावा पाय फटक-फटक वाजायला लागला आणि लंबूचा चेहरा आंबट झाला. माझ्या डाव्या पायात त्याचा बूट होता, त्याच्या डाव्या पायात माझा.

"चल परत," मी म्हणालो.

"पहिल्या घरी नऊची वेळ दिलीय," लंबू म्हणाला. लंबू वेळेचा फार पक्का. त्यामुळे दिवसभर तो लंगडत आणि मी फटफटत, अशी आमची वरात गल्लोगल्ली फिरली. एका बाईंनी तर दयेपोटी दार पूर्ण उघडलं आणि खुर्च्या दिल्या. इतकं यश आम्हाला कधीच आलं नव्हतं.

संध्याकाळी तसेच सभेला गेलो. दारात बाबांचा माणूस उभा होता, दंडाला पट्टी बांधून. आजारी माणसं निवडून पुढच्या रांगेत बसवणं हे त्याचं काम. माझ्या लक्षात आलं, हा गृहस्थ येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. नजर सारखी खाली. एक आजोबा काठी टेकत आले, त्यांचे बूट घोट्याच्या वर करकचून बांधलेले. त्यांना मागे पाठवलं. मग आला लंबू, खरोखर लंगडत, वेदनेने ओठ चावत. त्यालाही मागे पाठवलं. मग मी आलो, ठणठणीत, डावा बूट वाजवत.

"ब्रदर, तुमची कंबर दुखते ना?"

"नाही."

"दुखते. तुम्हाला माहीत नाही. पुढे बसा."

थोड्याच वेळात मी व्यासपीठावर खुर्चीत पाय पसरून बसलो होतो. बाबांनी माझ्या टाचा हातात घेतल्या आणि माईकमध्ये उसासा सोडला.

"अरेरे! बघा मंडळी! या तरुण सेवकाचा उजवा पाय आखूड! जन्मापासून आखूड! बिचाऱ्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही!"

मी खाली पाहिलं. खरंच, उजवा बूट मागे आणि डावा पुढे. पण मला आणखी एक गोष्ट जाणवली. डाव्या टाचेमागे बुटात गार हवा शिरली होती. बाबांचा अंगठा माझा बूट अलगद पुढे ओढत होता.

बिचाऱ्या बाबांना काय माहीत, आत दोन नंबर छोटा पाय आहे! त्यांनी सवयीने जरासं ओढलं आणि सबंध बूट सुळकन निघून त्यांच्या हातात आला. माझा फाटका मोजा आणि त्यातून डोकावणारा अंगठा सगळ्या सभेला दिसला.

मला वाटलं, झालं, फुटलं बिंग. पण पायवाढे बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी बूट डोक्यावर उंच धरला आणि गर्जले, "सैतान पळाला! जाता जाता बूट घेऊन पळत होता, मी हिसकावून घेतला!"

सभागृह दणाणून गेलं. लोक त्या बुटाला हात लावायला धावले. बुधवारच्या सभेत माझी साक्ष ठेवल्याचं बाबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. साक्ष म्हणजे, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. आमच्या मंडळीत साक्ष देणाऱ्याला मध्ये तोडत नाहीत, मग तो कितीही वेळ बोलो. मी लगेच हो म्हणालो.

घरी आल्यावर लंबूला पलंगावर बसवलं, त्याचे स्वतःचे बूट त्याला घातले आणि नाड्या सैल केल्या. चार-सहा वेळा चुकलो, मग जमलं. लंबूने आपल्याच पायांकडे पाहून तोंडात बोट घातलं.

"भाऊ, माझा पाय वाढला!"

"तुझे पाय आणखी वाढले तर मावशींना घर वाढवावं लागेल," मी म्हणालो.

बुधवारी सभा खच्चून भरली. मावशी पहिल्या रांगेत, फोन हातातच. बाबांनी माझी ओळख 'सैतानाच्या तावडीतून सुटलेला सेवक' अशी करून दिली. मी माईक घेतला आणि लंबूला वर बोलावून खुर्चीत बसवलं.

"कोणता पाय वाढवू?" मी विचारलं.

काठीवाले आजोबा मागून ओरडले, "डावा!"

मी लंबूचा उजवा बूट किंचित पुढे ओढला. डावा पाय आखूड दिसायला लागला. लोक हळहळले.

"आता मी प्रार्थना करणार नाही," मी म्हणालो. "देवाला यात गोवायचं कारण नाही. मी बाजारातून आणायच्या वस्तू म्हणतो." आणि बाबांच्याच सुरात सुरू केलं, "बटाटे येऊ दे! साबण येऊ दे! कांदे... अजून थोडे... बस, बस!" तेवढ्यात अंगठ्याने उजवा बूट हळूच मागे सारला. दोन्ही पाय एका रेषेत.

"वाढला!" कुणीतरी ओरडलं, आणि आपण काय ओरडलो हे कळून गप्प झालं.

"मंडळी, आखूड पाय वाढत नाही. लांब दिसणारा बूट परत टाचेवर बसतो. म्हणून बाबांना सैल बूट लागतात. म्हणून करकचून बांधलेल्या बुटांचे आजोबा मागे, माझ्या घट्ट बुटामुळे खरोखर लंगडणारा हा लंबू मागे आणि धडधाकट मी पुढे."

बाबा लाल झाले. "हा अविश्वासी आहे! याच्या जिभेवर सैतान बसलाय!"

"असेल," मी म्हणालो. "तुम्ही माझे दोन्ही बूट काढा, मोजेही काढा, आणि मग पाय वाढवा. मी इथेच तुमच्या पाया पडतो."

बाबा घड्याळ बघायला लागले. पाळक उठून उभे राहिले होते, पण साक्षीत तोडायचं नाही हा नियम त्यांचाच. ते परत बसले.

तेवढ्यात टॉक, टॉक असा आवाज आला. मावशी वर चढत होत्या. त्यांनी लंबूला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या, वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या. जाड सोलाचा बूट त्यांनी बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि उघडे पाय लांब केले. डावा पाय आखूड होता. होता तेवढाच आखूड होता. जाड सोलामुळे बुटात असेपर्यंत तो उजव्याइतकाच दिसायचा, आणि बाबांनी वाढवला होता तो बुटातलाच पाय.

"आता वाढव," मावशी म्हणाल्या.

"माते, श्रद्धा कमी पडतेय..."

"दोन रात्री बूट घालून झोपले मी. श्रद्धा कमी पडली म्हणतोस? श्रद्धा भरपूर आहे रे माझ्याकडे. पाय नाहीये. तो वाढव."

बाबांना अचानक दुसऱ्या गावची सभा आठवली. पट्टीवाला माणूस त्यांच्याही आधी दाराबाहेर होता.

गुरुवारी आम्ही दोघं मावशींना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही मावशींचे पाय लांब करायला सांगितले आणि टाचा हातात धरल्या. पण त्याआधी त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलंच वाक्य होतं, "बूट-मोजे काढा." मावशी खो-खो हसायला लागल्या. डॉक्टरीणबाईंना काही कळेना.

आमच्या रविवारच्या उपासनेला पुन्हा मोजकीच माणसं असतात. पाळक चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी हळूच विचारलं, "ते उजवा की डावा, कोणता ओढायचा?" काठीवाले आजोबा मात्र दर रविवारी येतात. म्हणतात, इथे शंका विचारता येते.

मी अजूनही दारोदार फिरतो आणि देवाबद्दल बोलतो. त्याबरोबर आता एक गोष्ट न चुकता सांगतो, तीच तुम्हालाही सांगतो. जो तुम्हाला बरं करायला येईल त्याला बूट काढायला लावा. बघू नका, विचारू नका, शंका घेऊ नका, असं जो म्हणतो त्याच्याकडे लपवायला काहीतरी असतं. खऱ्या औषधाचा गुण तुम्ही शंका घेतलीत म्हणून जात नाही. आणि देवाने डोकं दिलं आहे ते वापरल्याचा त्याला राग येईल, असं मला तरी वाटत नाही.

मावशी आता जिना एका दमात चढतात. परवा मी वर येताना कठड्याला हात लावला, तर सगळी बोटं धुळीने माखली.